तापल्या पाण्यातलं शेवाळ

वन्सं, तुमच्या मातीला आलेले लोक तुमच्याबद्दल जे बोलले ते ऐकून तुम्ही हसला असतात. स्टेशनमास्तरांची बायको म्हणाली, बिचारी लग्नाशिवाय गेली. शाळेतल्या मुलींच्या आया म्हणाल्या, बाई कडक होत्या, पण हात उगारत नव्हत्या. आणि शेजारच्या पोवारीण काकू सगळ्यांसमोर बोलल्या, "मडक्यात पानी भरून त्याच्याकडं पाहत बसे जी ही बाई. असा मानूस मी कुठं नाई पाह्यला." त्या घोळक्यात तेवढ्या एकट्या काकू खरं बोलल्या.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. आता जेठ लागला आहे, लोकांचं येणं थांबलं आहे. तुमचं नाव निघालं की तुमचे दादा उठतात आणि काम असो नसो, मालधक्क्यावर जाऊन उभे राहतात. या घरात तुमच्याबद्दल बोलायचं तर तुमच्याशीच बोलायला हवं.

तुम्ही नागपूरचं कॉलेज सोडून सौंदडला आलात तेव्हा मी या घरात नवीनच होते. मामंजी वारले होते. तुमचे दादा स्टेशनावर मालबाबू. त्यांनी तुम्हाला कळवलं होतं की शिक्षण आता पुरे, घरी या. अरुंद रुळांच्या छोट्या गाडीतून तुमची पत्र्याची पेटी उतरली. मला वाटलं, शिकलेली नणंद आहे, पेटीत लुगडी असतील, पुस्तकं असतील. तुम्ही पेटी उघडलीत आणि खोलीभर असा वास सुटला की मी पदर नाकाला लावला. आत जाड कागद होते आणि कागदांवर वाळवून चिकटवलेलं समुद्रातलं शेवाळ.

"घाण नाही वहिनी, मीठ आहे ते," तुम्ही म्हणालात. "समुद्राचा वास असाच असतो."

मी समुद्र पाहिलेला नाही. आता पाहीन असंही वाटत नाही. पण मालवणचा तो खडकाळ किनारा मला आपल्या परसासारखा ठाऊक आहे, इतक्या वेळा तुम्ही तो मला सांगितलात. कॉलेजातल्या सरांबरोबर तुम्ही तिथे दोनदा गेला होतात. पहिल्यांदा पौषात. तेव्हा ओहोटीला खडक दिसतच नव्हते, सगळीकडे तपकिरी शेवाळ, हातहात लांब, त्याला मोहरीएवढे फुगे आणि बेचक्यात बारीक बोंडं. त्या बोंडांत त्याचं बी. दुसऱ्यांदा गेलात चैत्रात. तोच खडक, तीच ओहोटी, आणि खडक उघडा बोडका. बोटांनी चाचपलंत तेव्हा नखाएवढे बुंधे लागले फक्त. सर म्हणाले, लाटांनी तुटलं असेल. तुम्ही म्हणालात, लाटा तर पावसाळ्यात मोठ्या असतात, आणि तुटलेलं वाहून आलं असतं तर किनाऱ्यावर दिसलं असतं. पाण्यात हात घालून पाहा, पाणी तापलंय.

त्या एका वाक्यावर तुम्हाला पुढचं आयुष्य काढायचं होतं. कोणत्या महिन्यात पाणी किती ऊन होतं, किती ऊन झालं की वाढ थांबते, कधी बोंडं धरतात, कधी गळतात. तुमच्या दादांना हे सांगितलंत त्या दुपारी मी वाढत होते. ते म्हणाले, "समुद्र इथून किती लांब आहे, ठाऊक आहे का? आणि त्याच्या शेवाळाचं शिकून कोणाचं भलं होणार?" तुम्ही ताटावरून उठला नाहीत. भात संपवलात, हात धुतलेत. त्यानंतर समुद्राचं नाव त्यांच्यासमोर कधी काढलं नाहीत. मुलींच्या शाळेत लागलात, आणि सहा महिन्यांत आपल्या परसात मडकी आली.

मडक्यांत तलावाचं पाणी. एक मडकं चिंचेच्या सावलीत, ओल्या पोत्यात गुंडाळलेलं. एक पडवीच्या कडेला, अर्धं ऊन अर्धी सावली. एक भर अंगणात. तुम्ही शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर थर्मामीटर घालून बघायच्या. समुद्र नाही तर नाही, पाणी तर आहे, शेवाळ तर आहे, असं म्हणायच्या. पाणी आणून द्यायचा सोमा ढिवर. कोसभर पलीकडच्या गावाच्या तलावात तो मासे धरायचा, शिंगाडा लावायचा. कावडीतून पाणी आणायचा आणि परसाच्या दारात टेकून बसायचा.

"तलाव आमचा, आन् अभ्यास तुमचा," तो म्हणायचा. "इतकं पाहून का दिसते जी बाई?"

"अजून काही नाही दिसलं, सोमा."

"मंग पाहा," तो म्हणायचा. "मासोळीले पन मी असाच बसून राहतो."

त्याला तुमच्याशी बोलायला आवडायचं. त्याच्या बायकोला, भागरथाला, ते आवडायचं नाही. ती दूर रस्त्यावरच उभी राहायची.

वन्सं, आपलं एक भांडण राहून गेलं आहे. तुम्हाला ते भांडण वाटलंच नव्हतं, म्हणून राहिलं. माझं पोटातलं मूल दुसऱ्यांदा दिवस भरण्याआधी गेलं, त्यानंतरचा तो महिना. मी पडवीत तांदूळ निवडत होते. तुम्ही सावलीतल्या मडक्यावर वाकला होतात आणि माझ्याशी बोलत होतात, खरं तर स्वतःशीच. "हे बघ वहिनी, किती हिरवं आहे, पण फळत नाही. जगायला बरीच ऊब चालते त्याला, कमी-जास्त. फळायला मात्र नेमकी लागते. ती मिळाली नाही तर आयुष्यभर नुसतं हिरवं राहतं."

मी सूप तिथेच ठेवलं आणि आत गेले. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही विचारत राहिलात, "काय झालं? अंग दुखून राहिलं का?" तुम्हाला कळलंच नाही. नंतर कधीतरी, शाळेच्या वाटेवर बहुतेक, तुम्हाला उमगलं. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या केसांना तेल लावायला बसलात. किती वेळ चोळत बसला होतात. मी तेव्हाही काही बोलले नाही. आज बोलते. ते वाक्य मला लागलं होतं, आणि ते खरं होतं, आणि तुम्ही ते मला उद्देशून म्हटलं नव्हतं, आणि तरी ते तुम्हालाही तितकंच लागू होतं. हे सगळं त्या तेलाच्या हातातून मला कळलं होतं.

मग ते वर्ष आलं, लढाई सुरू होती तेव्हाचं, ज्या वर्षी पाऊस लवकर गेला आणि तलाव होळीलाच निम्मा झाला. वैशाखात उन्हातल्या मडक्यात कधी न दिसलेलं काहीतरी वर आलं. शेवाळाचे नेहमीचे धागे नव्हते ते. निळसर हिरवी साय, कोणी रंग सांडावा तशी. सावलीतल्या मडक्यात तिचा पत्ता नव्हता, पडवीतल्यात थोडी होती. तुम्ही खूश झालात. तुम्हाला मी इतकं खूश पाहिलं नव्हतं. "हिला ऊनच पाणी लागतं वहिनी. समुद्रातलं ते तापल्यावर मरतं, हिला तापल्यावर जोर येतो. प्रत्येकाचं आपलं गणित आहे."

त्याच आठवड्यात उन्हातल्या मडक्यापाशी मेलेल्या चिमण्या दिसल्या. आधी एक, मग आणखी.

तुम्ही मला म्हणालात, परदेशात असल्या पाण्यानं गुरं मेल्याचं कॉलेजात ऐकलं होतं. मी म्हणाले, मग सोमाला सांगा, तलावावर सांगून या. तुम्ही मान हलवलीत. "चिमण्या उन्हानंही मरतात. इतकं ऊन आहे. दोन थाळ्या ठेवते, दोन्ही सावलीत. एकीत हे पाणी, एकीत विहिरीचं. मग बघू."

तुमचं म्हणणं बरोबर होतं. आजही मला त्यात चूक काढता येत नाही.

थाळ्या ठेवल्यात आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी शाळेत निरोप आला. पलीकडच्या गावात गुरं मरून राहिली, आणि लोकांनी सोमाला धरलं. तुम्ही शाळेतून तशाच निघालात. वाटेत घरी थांबलात ते मला घ्यायला. का मला घेतलंत ते मी कधी विचारलं नाही. आपण कोणाची तरी दमणी मिळवली. बैलांना फटके मारत नेली.

तलाव जवळ येताच वास आला. वारा ज्या काठाकडे वाहत होता त्या काठाला सगळी साय गोळा झालेली, जाड, हिरवी, कडेला वाळून पांढरट निळी. त्या काठालाच गुरांचा घाट. बैल, गाई, एक वासरू, जिथे पाणी प्याले तिथून थोड्या अंतरावर पडलेले. आणि पाळीवर, तलावाच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली सोमा. बरगड्या मोडल्या होत्या. श्वास घेताना त्याच्या तोंडातून लाळ आणि रक्त येत होतं. भागरथा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि लोक तिच्याभोवती उभे होते, त्यांच्या हातात अजून काठ्या होत्या.

"त्यानं टाकलं पान्यात," एक जण म्हणाला. "मासोळी गुंगवाले साल कुटून टाकतेत हे. या बारीनं जास्त टाकली."

तुम्ही पुढे गेलात. तुमचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. तुम्ही सांगितलंत की ही साय कोणी टाकलेली नाही. पाणी कमी झालं, उथळ झालं, तापलं, की ती आपोआप वाढते. वाऱ्यानं या काठाला लोटली. गुरं ती साय प्याली. माझ्या घरच्या मडक्यातही अशीच आली आहे.

गावचा पाटील तिथे होता, म्हातारा माणूस, काठी नसलेला एकटाच. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्याच घरी तं पानी नेत होता ना हा कावडीनं? इतक्या दिवसाचा? का करता जी बाई तुमी त्या पान्याचं?"

लोकांत कुजबुज झाली. तुमच्यासाठी सोमा पाणी नेतो, ही गोष्ट त्यांच्या मनात आधीपासून शिजत होती, हे आपल्या दोघींना त्या क्षणी कळलं. तुमचा चेहरा मी पाहिला. तरी तुम्ही उत्तर दिलंत, मडक्यांचं, थर्मामीटरचं, सगळं.

पाटलानं मग विचारलं, "यानंच गुरं मेली, हे पक्कं मालूम आहे का तुमाले?"

तुम्ही थांबलात. फार नाही, एक श्वासभर. "पक्कं नाही," म्हणालात. "पण मला वाटतं..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. पक्कं नाही, एवढंच त्या काठावर राहिलं. लोक सोमाला आणखी मारायला धावले नाहीत, इतकं झालं. पाटलानं त्यांना मागे हटवलं. आपण सोमाला दमणीत घालून सौंदडच्या दवाखान्यात आणलं. कंपाउंडरानं पट्टे बांधले. दुसऱ्या दिवशी तो गेला. पोलीस आले, विचारून गेले. मारणारं गावच होतं, म्हणून कोणीच मारलं नव्हतं.

तो गेला त्याच संध्याकाळी सायीच्या पाण्याच्या थाळीपाशी चिमणी मेली. विहिरीच्या पाण्याची थाळी चिमण्यांनी रिकामी केली होती आणि त्या चिंचेवर ओरडत होत्या. तुम्ही ती मेलेली चिमणी हातात घेऊन पडवीत बसून होतात. मी तेव्हा तुम्हाला बोलले. चूल पेटलेली नव्हती, अंगावरचं रक्ताचं लुगडं मी आदल्या दिवसापासून बदललं नव्हतं.

"हो म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"मला माहीत नव्हतं तेव्हा."

"मनातून माहीत होतं."

"मनातून त्या लोकांनाही माहीतच होतं वहिनी, की सोमानं टाकलं म्हणून," तुम्ही म्हणालात. "मी त्यांच्यासारखंच पक्कं म्हटलं असतं, तर मग माझ्यात आणि त्यांच्यात काय राहिलं?"

"चिमण्या मेल्या तेव्हाच तलावावर जाऊन सांगितलं असतंत, तर तो जिवंत राहिला असता."

आपलं हे भांडण तिथेच थांबलं आणि नंतर कितीतरी वर्षं तसंच पडून राहिलं. आपण एका ताटातून जेवलो, एकमेकींच्या तापात उशाशी बसलो, पण त्याला हात लावला नाही.

तुम्ही पुन्हा त्या गावात गेलात, थाळ्यांचं सांगायला. तोवर मिरग बरसला होता. तलावात नवं पाणी आलं, गार झालं, साय फुटून विरली, गुरं मरायची थांबली. लोकांनी तुम्हाला हसून सांगितलं, "पाहा जी, ढिवर गेला आन् गुरं मरनं बंद झालं." तुम्ही घरी येऊन मला हे सांगितलंत तेव्हा तुमच्या आवाजात राग नव्हता. म्हणालात, "त्यांनी दोन गोष्टी जोडल्या. मीही तेच करते. फक्त मी तिसरी गोष्ट शोधते." मग तुम्ही आत जाऊन निजलात. दिवसाउजेडी, भर दुपारी. तुम्ही दुपारी कधी निजत नव्हतात.

भागरथा माहेरी निघून गेली होती, केशोरीकडे. दिवाळीनंतर तुम्ही तिला भेटायला गेलात. काय सांगायचं ठरवून गेला होतात ठाऊक नाही. तिनं तुम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. तुम्ही सांगत गेलात, ती धान पाखडत राहिली. शेवटी म्हणाली, "तुमी खरं बोलल्या बाई. तेव्हाबी खरं बोलल्या, आताबी. माह्या का कामाचं?" आणि तुम्हाला बैलगाडीपर्यंत पोचवायला आली. तिनं तुमच्यावर राग धरला असता तर तुम्हाला सोपं गेलं असतं. हे तुम्हीच मला नंतर म्हणालात.

त्यानंतर दर उन्हाळ्यात, चैत संपला की तुम्ही रविवारी त्या तलावावर जायच्या. काठाकाठानं पाणी बघायच्या, थर्मामीटर घालायच्या, साय दिसली की गुराख्यांना सांगायच्या, या काठाला पाजू नका, वाऱ्याच्या उलट्या काठाला न्या, जमलं तर विहिरीचं काढून पाजा. काही ऐकायचे. काही तुम्हाला पाहून गुरं मुद्दाम तिकडेच न्यायचे. एकदा कोणीतरी तुमच्यावर ढेकूळ फेकलं. तुम्ही ते मला सांगितलं नाहीत, कपाळावरून कळलं. मी म्हणाले, सोडा आता. तुम्ही म्हणालात, "मी त्यांच्यासाठी जात नाही." मग कोणासाठी, हे मी विचारलं नाही. मला वाटत होतं मला ठाऊक आहे. आता वाटतं, नव्हतं.

हिवताप तुम्हाला त्या तलावाच्या काठीच लागला असेल, किंवा नसेल. पक्कं कोण सांगणार? या हिवाळ्यात तो सुटेना. क्विनाईननं कान वाजायचे, तोंड कडू व्हायचं, थंडी वाजून यायची आणि मग अंग असं तापायचं की हात लावला तर चटका बसावा. फाल्गुनात तुम्ही पांढऱ्या पडलात. तापात मालवणचं बोलायच्या. ओहोटी लागली, चला, असं म्हणायच्या. पायाला शेवाळ गार लागतं, असं. मी कपाळावर ओल्या घड्या ठेवायची आणि तुम्ही हसायच्या.

जायच्या आदल्या दिवशी तुम्ही पूर्ण शुद्धीत होतात. सकाळ होती. तुम्ही मला विचारलंत, "वहिनी, हो म्हणायला हवं होतं का गं मी?"

इतकी वर्षं ज्या भांडणाला आपण हात लावला नाही, ते तुम्ही एकदम माझ्या पदरात टाकलंत. मी हो म्हटलं असतं तर तुम्ही सोमाचं ओझं घेऊन गेला असतात. नाही म्हटलं असतं तर मी खोटं बोलले असते, आणि खोटं तुम्हाला लगेच कळायचं. मी घडी बदलली. तुम्ही डोळे मिटलेत. तुम्ही उत्तराची वाट पाहत होतात की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि ते मला आता कोणी सांगणार नाही.

आज मी तलावावर गेले. तुमच्या दादांना सांगून गेले. साय आली आहे. घाटाच्या काठाला, तशीच. थर्मामीटर मला वाचता येतो, तुम्हीच शिकवलात, पण मी तो नेला नव्हता. मी काठावर उभी राहिले आणि येणाऱ्या गुरांसमोर हात आडवे धरले. लोक थांबले. कोणी म्हणालं, बाईची भावजय आहे. एका पोरसवद्या गुराख्यानं गुरं पलीकडे वळवली. दुसऱ्यानं मला बाजूला सारून नेली, पण त्याच्या गुरांनी वास घेतला आणि प्यायली नाहीत. दुपारभर हेच चाललं. माझं डोकं उन्हानं फुटत होतं.

तिसऱ्या प्रहरी एक बाई म्हैस घेऊन आली. मी सांगितलं, ती ऐकून घेत होती, पण म्हैस तहानलेली होती, दाव्याला हिसका देऊन पाण्यात शिरली. पोट भरून प्याली. वर आली, थोडी चालली आणि मोहाच्या झाडाशी पोचण्याआधी तिचे पुढचे पाय वाकले. अंग थरथरायला लागलं. ती बाई तिच्या मानेशी बसली, मी तिच्याशेजारी बसले. आम्ही म्हशीच्या तोंडावर विहिरीचं पाणी मारत राहिलो. त्यानं काही होणार नव्हतं, ते मला ठाऊक होतं, तरी मारत राहिलो. सूर्य पाळीखाली जाईतोवर तिचं अंग शांत झालं.

ती बाई रडली नाही. डोळ्यांवरून पदर फिरवला, दावं सोडून हातात गुंडाळलं. बाकीचे लोक दूर उभे राहून बघत होते. मग तिनं मला विचारलं,

"उद्या किती वाजता येता जी तुमी? मी पन येतो. दोघी मिळून उभ्या राहू."

वन्सं, मी तिला उजाडायच्या आत यायला सांगितलं आहे.